नावातला सैतान
2010 साली फेडोरा या लिनक्स वितरणाच्या मंडळाने ‘एसक्यूएल-निंजा’ला आपल्या भांडारात घ्यायला नकार दिला. वेबसाइटच्या फटीतून आत शिरून डेटाबेसचा सर्व्हर ताब्यात घेऊन दाखवणं, हे या प्रोग्रामच्या वर्णनातच लिहिलेलं उघड काम. कायद्याचं लचांड नको, म्हणून नकार. त्याच भांडारात नेटवर्क तपासणारा एनमॅप मात्र सुखाने नांदत होता.

नकारामागची बाजू अगदीच पोकळ नाही. एनमॅप मुख्यतः दारं उघडी आहेत का ते पाहतो, निंजा आत घुसतो. शिवाय फेडोरामागे रेड हॅटसारखी अमेरिकी कंपनी उभी. दावा लावणारा आधी खिसा कुणाचा जड ते बघणारच.

पण नुसतं दार दाखवून कोण ऐकतं? मी घरच्या राउटरवर एनमॅप चालवला, तर पडद्यावर ओळ आली: ‘23/टीसीपी ओपन टेलनेट’. राउटरच्या कंपनीला कळवलं. “पासवर्ड आहे ना, मग झालं!” मग ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ टाकून आत शिरल्याचा फोटो धाडला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

जर्मनीने तर 2007 मध्ये कलमच केलं, 202सी: गुन्हा हाच उद्देश असलेले प्रोग्राम बनवणं, वाटणं हा गुन्हा. घाबरून वाय-फाय तपासणाऱ्या किसमॅकसारख्या प्रकल्पाने देश सोडला. गंमत अशी, की सरकारचंच माहिती-सुरक्षा कार्यालय पासवर्ड फोडणाऱ्या ‘जॉन द रिपर’कडे लोकांना धाडत होतं, त्या कार्यालयाविरुद्धही तक्रार झाली, आणि बारगळली. 2009 मध्ये घटना न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्रोग्राम गुन्ह्याला उपयोगी पडतो एवढं पुरेसं नाही. तो गुन्ह्याच्या हेतूनेच बनवल्याचं दिसलं पाहिजे. हा निकाल अमेरिकेला बंधनकारक नाही, कबूल. पण आपल्याकडचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 सुद्धा ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ केलं का, हेच विचारतं.

म्हणून माझं म्हणणं, ही साधनं भांडारात हवीतच. तिथे पॅकेजवर सही असते, चुका दुरुस्त करणारा माणूस असतो. नाकारलंत, तर चोराचं काही अडत नाही. शिकणारी पोरं मात्र कुठून तरी उचललेली फाइल थेट रूटच्या अधिकाराने चालवतात.

आणि अडचण वर्णनातल्या शब्दांचीच असेल, तर तिच्यावर 1995 मध्येच उतारा निघालाय. सुरक्षा तपासणाऱ्या ‘सेटन’चं, म्हणजे सैतानाचं, नाव ज्यांना खुपे, त्यांच्यासाठी सोबत ‘रिपेंट’ नावाची स्क्रिप्ट होती. ती चालवली, की सेटनचा ‘सँटा’ व्हायचा. तपासणी तीच.