कालव्याकाठची माती

गेल्या महिन्यात पाचवीतल्या एका मुलाची अम्मी शाळेत आली. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला मातीचा बैल काढून माझ्या टेबलावर ठेवला. "टीचर, इसकू जरा समझाओ. किताब छोड के मिट्टी लेके बैठता." बेंदराला शेजारची मुले बैल करतात, ते बघून हाही करू लागला आणि सण संपला तरी थांबला नाही. अभ्यासाची काळजी होतीच. पण थोड्या वेळाने ती हळू आवाजात खरे बोलली. चित्र किंवा मूर्ती करणाऱ्याला कयामतच्या दिवशी 'यात आता जीव घाल' असे सांगितले जाईल, ही हदीस तिने ऐकली होती. आपल्या मुलाच्या हातून गुनाह तर होत नाही ना, याची तिला भीती होती.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सजीवांच्या पूर्णाकृती मूर्ती करणे नाजायज, असेच बहुतेक उलेमांचे मत आहे. मी शिक्षिका आहे, मुफ्ती नाही. म्हणून मी तिला मसला मौलानांना विचारायला सांगितले. पण दोन गोष्टी मला ठाऊक होत्या, त्या मी तिला सांगितल्या. पहिली, हजरत आयशा (रजि.) यांच्या खेळण्यांत बाहुल्या होत्या आणि पंख असलेला एक घोडाही होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारले, तेव्हा 'हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का?' असे उत्तर त्यांनी दिले आणि हुजूर (स.) हसले. ही रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. तिच्या आधारे मुलांच्या खेळण्यांना अनेक उलेमांनी सवलत दिली आहे.

दुसरी गोष्ट इजिप्तमधल्या एका मुलाची. ती जरा मोठी आहे, म्हणून या महिन्याचे पान तिलाच दिले.

महमूद मुख्तार यांचा जन्म 1891 सालचा. नाईलच्या मुखाजवळच्या सुपीक प्रदेशात, अल-महल्ला अल-कुब्रा शहराजवळ तंबारा नावाचे खेडे आहे, तिथला. वडील गावचे उमदा, म्हणजे आपल्याकडचे पाटील. मुलाचे बालपण मात्र बरेचसे आजोळी, नशा या गावी गेले. तिथे कालवा होता, कालव्याच्या काठी चिकणमाती होती. पोरगा तासन् तास तिथे बसून घोडे, माणसे, पाण्याचे घडे डोक्यावर घेतलेल्या बायका करायचा. त्यांचा भाचा बद्रुद्दीन अबू गाझी पुढे नामांकित कलासमीक्षक झाला. मामाची ही हकीकत त्याने लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

पुढे आईबरोबर हा मुलगा कैरोत आला. 1908 साली राजपुत्र युसूफ कमाल यांनी स्वतःच्या खर्चाने तिथे कलाशाळा काढली. फी नाही, वयाची अट नाही, साहित्यही शाळेचेच. सतरा वर्षांच्या मुख्तारने पहिल्याच तुकडीत नाव घातले. (फी असती तर? आपल्या किती मुलांचे हात याच प्रश्नापाशी थांबतात, ते मी रोज बघते.)

शाळा उघडली, पण मुस्लिम शहरात मुस्लिम मुले पुतळे घडवायला येणार कशी? इथे एका आलिमचे नाव घ्यावे लागते. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद अब्दुहू यांनी सिसिलीच्या प्रवासानंतर या विषयावर लिहिले होते. चित्रे आणि पुतळे जुन्या लोकांचे जगणे, त्यांचे चेहरे, त्यांचे भाव जपून ठेवतात; ती एका परीने डोळ्यांनी वाचायची शायरीच आहे. मनाई आली ती मूर्तिपूजेच्या काळात, आणि पूजेचा धोका जिथे उरला नाही तिथे हे ज्ञानाचे साधन आहे, अशी त्यांची मांडणी होती. 1905 साली शेखसाहेबांचा इंतकाल झाला, शाळा नंतर निघाली. त्यांचे मत सर्वांनी मानले नाही, आजही मानत नाहीत. पण प्रश्न टाळला गेला नाही, त्यावर उघडपणे बोलले गेले, हे मला महत्त्वाचे वाटते.

शाळेचे प्रमुख लाप्लान्य नावाचे फ्रेंच शिल्पकार. त्यांच्या हाताखाली मुख्तार युरोपी पद्धतीने शिकला. विषय मात्र आपले निवडले. रणांगणावर लढलेल्या हजरत खौला बिन्त अल-अझवर यांच्यासारखी इतिहासातली नावे. पुढे राजपुत्रांनीच त्याला पॅरिसला पाठवले. पहिले महायुद्ध सुरू झाले, पैसे येईनात, तेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यात मजुरी करून त्याने दिवस काढले.

पॅरिसमध्ये राहून त्याला स्वतःचा देश नीट दिसू लागला. फिरऔनांच्या काळातल्या कारागिरांचा दगड, त्यांच्या सरळ, भरीव आकृती त्याने नव्याने अभ्यासल्या. 1919 साली इजिप्त इंग्रजांविरुद्ध उठला, तेव्हा त्याने 'नहदत मिस्र' म्हणजे 'इजिप्तची जागृती' या शिल्पाचा नमुना केला. उठू पाहणारा स्फिंक्स, आणि त्याच्या मस्तकावर हात ठेवून उभी शेतकरी बाई, दुसऱ्या हाताने चेहऱ्यावरचा नकाब बाजूला करणारी. (नकाबाबद्दल आपल्या काही भगिनींचे मत वेगळे असेल, त्यांनी जरूर लिहावे.) 1920 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचे कौतुक झाले. मग इजिप्तमध्ये हे शिल्प मोठ्या आकारात उभारण्यासाठी वर्गणी सुरू झाली. खेड्यापाड्यांतल्या साध्या माणसांनीही पैसे दिले. अस्वानच्या गुलाबी ग्रॅनाइटमधले ते शिल्प 1928 साली कैरोच्या रेल्वे स्टेशनसमोर उभे राहिले. आज ते कैरो विद्यापीठासमोर आहे.

मला मात्र त्यांची नंतरची लहान शिल्पे जास्त आवडतात. नदीवरून पाणी घेऊन परतणाऱ्या बायका. 'खमासीन'मधली, वाळवंटी वाऱ्याला तोंड देत अंगावरचे वस्त्र सावरणारी बाई. नशा गावच्या कालव्यावर लहानपणी जे पाहिले तेच पुन्हा हातात आले, फक्त मातीच्या जागी दगड. 1934 साली, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते वारले.

अम्मीने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "टीचर, इसकी कोई परीक्षा होती क्या?" चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा असते, ती सरकारी आहे. तिच्यात नक्षीकाम, भूमिती, अक्षरलेखन असते, पण स्मृतिचित्रही असते आणि त्यात माणसांच्या आकृती काढाव्या लागतात, हेही मी तिला सांगितले. पण त्यासाठी तो अजून लहान आहे. तोपर्यंत अभ्यास झाल्यावर रोज अर्धा तास माती, एवढे आमच्यात ठरले. मौलानांकडे ती जाणार आहे. मुलालाही बरोबर न्या, असे मी तिला सांगितले आहे.