टिग मशीन घेताय? आधी वर्षभराची यादी काढा



मागच्या आठवड्यात दोघांनी विचारलं, "दादा, घरच्या शेडसाठी टिग वेल्डिंग मशीन घेऊ का?" माझं सरळ उत्तर: पहिलं मशीन म्हणून नको. ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून सांगतोय.

मोबाईलवर व्हिडिओ बघितला. एकावर एक नाणी कलंडून ठेवावीत असा देखणा वेल्ड! दुकानदार म्हणाला, "आता वेल्डिंगवाल्याची गरजच नाही." घेतलं. पहिलं काम निघालं कल्टिव्हेटरच्या फ्रेमला गेलेला तडा. त्यावर गंज, रंग, ग्रीस. शेड तीन बाजूंनी उघडं. टिगमध्ये वितळलेल्या धातूला हवेपासून वाचवतो तो फक्त आरगॉन गॅस. वाऱ्याची झुळूक आली, गॅस उडाला, वेल्डमध्ये भोकंच भोकं. शेवटी गावातल्या वेल्डिंगवाल्यानं साध्या रॉडनं जोडून दिलं. रॉडवरचा लेप जळून स्वतःच गॅस आणि स्लॅग तयार करतो, म्हणून तो उघड्यावरही निभावतो.

आता खर्च. जाहिरातीत मशीनची किंमत असते, गॅसची नसते. 10 लिटरच्या सिलिंडरमध्ये 150 बार दाबाला साधारण 1500 लिटर गॅस मावतो. मिनिटाला 8 ते 10 लिटर सोडला तर अडीच-तीन तासांत खेळ खल्लास. वर रेग्युलेटर, टंगस्टन, फिलर तार, आणि सिलिंडर भरायला तालुक्याची फेरी.

"ॲल्युमिनियमचा दुधाचा कॅन जोडता येईल की!" नाही हो. स्वस्तातली बहुतेक मशीन फक्त डीसी असतात. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्याही वर. तो थर फोडायला एसी टिग लागतं, आणि त्याची किंमत बरीच वरची.

मग टिग वाईट का? अजिबात नाही. ज्याचा मोठा गोठा आहे, स्टीलची दुधाची पाइपलाइन किंवा टाक्या आहेत, बंद शेड आहे, त्यानं जरूर घ्यावं. पातळ स्टीलला त्याच्यासारखा स्वच्छ जोड दुसरा नाही. पण नांगर-रोटाव्हेटरवाल्यानं आधी चांगलं डीसी इन्व्हर्टर आर्क मशीन घ्यावं, लिफ्ट-टिगची सोय असलेलं. हात बसला, गरज पडली, की पुढं टॉर्च आणि सिलिंडर जोडता येतो. घेताना ड्यूटी सायकल विचारा. 160 अँपियरला 60 टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहाच मिनिटं वेल्डिंग. शेडचं अर्थिंग आणि कमी व्होल्टेजला मशीन चालतं का, हेही तपासा.

पैसे मोजण्याआधी वही काढा. वर्षभरात वेल्डिंगवाल्याकडे काय काय नेलं ते लिहा. त्यात स्टील-ॲल्युमिनियम किती आणि गंजकं लोखंड किती? कुठलं मशीन घ्यायचं ते ती यादीच सांगेल, व्हिडिओ नाही.

तुमची यादी खाली टाका. बघू कुणाचं काय निघतंय.