वांकडा बॉयलर

आमच्या धाकट्या नातवास आगगाडीचें वेड आहे. पुठ्ठा, बांबूच्या काड्या आणि सरस एवढ्या सामुग्रीवर माजघराच्या कोपऱ्यांत त्याचें स्टेशन उभें राहतें, आणि केर काढतांना सूनबाईंची त्यावर रोज कुरकुर होते. गेल्या महिन्यांत त्यानें एक नवें इंजिन करावयास घेतलें. त्याचा बॉयलर मधोमध न बसवितां त्यानें डावीकडे सरकवून बसविला होता. पस्तीस वर्षें मुलांच्या वह्यांतील चुका काढण्यांत गेलीं. ती खोड जाणार कोठें? "अरे, हें वांकडें झालें," असें आम्ही सहज बोलून गेलों. तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों बॉयलर उपटलेला आणि इंजिन खोक्यांत टाकलेलें.

पुढें चार दिवसांनीं त्यानें नमुन्यासाठीं ठेवलेलें छायाचित्र आमच्या हातीं आलें. तें अमेरिकेंतील अरण्यांत लांकूड वाहणारें 'शे' जातीचें इंजिन होतें, आणि त्याचा बॉयलर खरोखरीच डावीकडे होता.

एफ्राइम शे (१८३९–१९१६) हे मिशिगन प्रांतांतील लांकडाचे व्यापारी. त्यांनीं पूर्वीं मास्तरकीही केली होती, हें वाचून आम्हांस जरा अभिमान वाटला, हें कबूल करतों. तिकडे ओंडके हिवाळ्यांत बर्फावरून ओढून नेण्याची रीत असे; बर्फ वितळलें कीं काम अडलें. म्हणून शे यांनीं जंगलांत रूळ घातले. परंतु नेहमींच्या इंजिनाचीं चाकें एका ताठ चौकटींत जखडलेलीं असतात. कच्च्या, वांकड्यातिकड्या रुळांस तीं सोसत ना. शे यांनीं निराळीच योजना केली. दोन किंवा तीन सिलिंडर इंजिनाच्या उजव्या अंगास उभे बसविले. त्यांनीं फिरणारा लांब दांडा त्याच अंगानें पुढेंमागें नेला, वळणावर अडूं नये म्हणून त्यास सांधे ठेवले, आणि तिरप्या दांत्यांच्या चक्रांनीं तो प्रत्येक चाकाशीं जोडला. सगळींच चाकें ओढूं लागल्यामुळें इंजिनाचा सगळा भार कामीं आला. वेग बेताचा, पण चढणीवर ताकद मोठी. आणि उजवीकडे एवढें ओझें आल्यावर बॉयलर डावीकडे सारणें भागच होतें. कडेवर घागर घेतलेली बाई दुसऱ्या अंगास झुकते, तसेंच हें. १८८१ सालीं शे यांस पेटंट मिळालें. ओहायो प्रांतांतील लायमा येथील कारखान्यानें १९४५ पर्यंत अशीं सुमारें २,७७० इंजिनें घडविलीं. क्लायमॅक्स आणि हाइस्लर हीं पेन्सिल्व्हेनियांतील त्यांचींच भावंडें. हाइस्लरचे सिलिंडर दोहों बाजूंनीं तिरपे येऊन खालीं मिळतात.

घरांत छोटी रेल्वे मांडणारांस हीं इंजिनें इतकीं कां आवडतात, तें आतां आमच्या ध्यानांत आलें. खोलीच्या कोपऱ्यांत डाकगाडी वळवावयाची म्हणजे उघड उघड खोटें बोलणें. तेवढें तंग वळण खऱ्या डाकगाडीस कोठून मिळणार? जंगलगाडीस मात्र तें शोभतें. झाडें संपलीं कीं रूळ उचलून पुढें न्यावयाचे, पूल ओंडक्यांचेच बांधावयाचे, गंज आणि धूळ सदाचीच. काड्यांचा पूल थोडा कलता झाला तरी तो खराच दिसतो. त्या गाड्यांनीं किती अरण्यें उजाड केलीं, हा विचार मनांत येतो खरा. पण मुलाच्या खेळांत तो आम्हीं आणला नाहीं. वेस्ट व्हर्जिनियांतील कॅस येथें १९०१ सालीं सुरू झालेला असा मार्ग १९६० मध्यें बंद पडला आणि १९६३ पासून प्रवाशांसाठीं पुन्हां उघडला. आपल्याकडेही परंबिकुळमच्या रानांतील सागवान चालकुडीस आणणारी कोचीन संस्थानची गाडी १९०७ पासून १९६३ पर्यंत चालली.

एका रविवारीं खोकें आम्हीं स्वतःच बाहेर काढलें. "बाळ, चूक आमची होती," एवढें म्हणावयास फार वेळ लागला. त्यानें मान हलविली आणि सरस भिजविण्यासाठीं कोमट पाणी मागितलें. बॉयलर पुन्हां डावीकडे गेला. उजव्या अंगाचीं चक्रें करण्याचें काम आमच्याकडे आलें. जुन्या गजराच्या घड्याळांतून तीं काढून आम्हीं मोठ्या ऐटीनें पुढें केलीं. त्यानें तीं उजेडांत धरून पाहिलीं आणि म्हणाला, "आजोबा, यांचे दांते सरळ आहेत. तिरपे हवेत."