कान कुणाचे, पावती कुणाची?

नाक हा आपल्याकडे अब्रूचा अवयव आणि कान हा पिळण्याचा. पण हेडफोन घ्यायची वेळ आली, की कानांचा रुबाब एकदम वाढतो. पूर्वी गावात एखादाच कानसेन असे. हल्ली दर इमारतीत दोन असतात आणि त्यांतला एक हमखास आपला मेहुणा असतो. "भावोजी, आलेखबिलेख सगळं झूट! शेवटी कान सांगतील ते खरं!" असं तो स्वतःच्या चाळीस हजारांच्या हेडफोनवर हात फिरवत सांगतो. माझं म्हणणं एवढंच, की तिथे कान बोलत नसतात, पावती बोलत असते.

2017 साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 283 हेडफोनांची मोजमापं तपासली. खर्जापासून टीपेपर्यंतचा समतोल आणि किंमत यांचा संबंध काही सापडेना. छत्तीसपैकी एक गुण जुळेल तर शपथ!

म्हणून डब्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा? छे! '20 ते 20,000 हर्ट्झ' म्हणजे एसटी वेंगुर्ल्याहून गोंदियाला जाते, एवढंच. वाटेत कुठे धावते आणि कुठे उतरून ढकलावी लागते, ते कोण सांगणार?

ते सांगायला पुतळा लागतो. 1972 साली अमेरिकेत 'केमार' नावाचा असा एक पुतळा निघाला. रबरी कान आणि आत पडद्याच्या जागी मायक्रोफोन. याला मेहुणा नाही, त्यामुळे तो निःपक्षपाती असतो. पण त्याने काढलेला आलेख सरळ रेघेसारखा असला म्हणजे हेडफोन उत्तम, असंही नाही. आपल्या कानाची ठेवणच अशी, की 3,000 हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप उचलला जातो. हेडफोनने तेवढा उंचवटा दिला नाही, तर लताबाई गोधडीतून गायल्यासारख्या वाटतात.

मग हा उंचवटा किती हवा? खर्ज किती हवा? हे पुतळ्याला काय कळणार! शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 च्या सुमारास ते माणसांनाच विचारलं. (ते हारमन कंपनीत होते आणि ती स्वतः हेडफोन विकते, हे लक्षात ठेवूनच वाचावं.) कुठला हेडफोन हे कळू न देता लोकांना ऐकवलं. बहुतेकांची आवड जवळपास सारखीच निघाली आणि तिचाच आलेख झाला. म्हणजे आलेख कानांच्या विरुद्ध नाहीच. पुष्कळ कानांनी किंमत न बघता दिलेली ती साक्ष आहे. मेहुण्याची साक्ष एकट्याची, आणि तीही किंमत पाहून!

पुतळ्याचीही हद्द आहे, कबूल. तो चष्मा लावत नाही. माझ्या चष्म्याची दांडी हेडफोनच्या गादीखालून जाते, त्या फटीतून खर्ज गळतो आणि डग्गा उपाशी राहतो. म्हणून आधी आलेख पाहावा, मग चष्म्यासकट हेडफोन डोक्यावर चढवून ओळखीचं गाणं ऐकावं. दोन हेडफोन ताडून पाहायचे तर आवाजाची पातळी सारखी ठेवावी, कारण जरा मोठा आवाज नेहमीच जास्त गोड लागतो. किंमत सगळ्यांत शेवटी विचारावी.

महाग हेडफोनवर माझा राग नाही. हौसेला मोल नसतं. पण पंधराशेच्या हेडफोनवर किशोरीताईंचा भूप ऐकून एखाद्या पोराचे डोळे पाणावतात आणि "तुझे कान अजून तयार नाहीत" म्हणून त्याला गप्प बसवलं जातं, त्याचा मला राग आहे. त्याचे कान तयार आहेत. पिळायचेच असतील तर दुसरे आहेत.