लेबल कोणी काढले?

दिवाळी अंक हाती आला की आपण आधी काय पाहतो? खरे सांगा, अनुक्रमणिका नव्हे, मुखपृष्ठ! आमच्या घरी तर अंक वाचून वाचून खिळखिळा झाला की आई मुखपृष्ठ ब्लेडने अलगद सोडवून घेई आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवी. डाळीचा डबा काढायला दार उघडावे, तो समोर एक सुंदरी हाती निरांजन घेऊन उभी! तिच्या पायाशी कोपऱ्यात सही असे, 'दलाल'. आम्हां मुलांना अक्षरओळख झाली ती थोडीफार त्या सहीवरूनच.

हे दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे. जन्म १९१६ चा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि पुढे त्यांनी 'दलाल आर्ट स्टुडिओ' काढला. पुस्तकांची वेष्टणे, कॅलेंडरे, जाहिराती, जे काम येईल ते करायचे. १९४५ पासून त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक चालवला. १९७१ साली ते गेले, तोवर मराठी घरांत त्यांचे नाव लेखकांच्या नावांइतकेच सरावाचे झाले होते. धंद्यासाठी काढलेल्या चित्राला तेव्हा 'कमर्शियल' म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. जे. जे. मध्ये या कलेचा वर्ग १९३५ साली निघाला, आणि तिची स्वतंत्र संस्था व्हायला १९६१ साल उजाडले, यावरून काय ते समजा.

पण दलालांना निदान सही करायला कोपरा होता. त्या काळी मुंबईत एका खोलीचे, दोन टेबलांचे असे अनेक स्टुडिओ होते, की ज्यांची चित्रे घरोघर गेली आणि नाव मात्र जिन्याखालच्या पाटीपलीकडे गेले नाही. अशाच एका खोलीची ही हकीकत.

आमचे मामा गिरगावात उटणे विकत. १९६२ साली त्यांच्या मनाने घेतले की, आपल्या पुडीला लेबल हवे. कोणीतरी पत्ता दिला, म्हणून ते मला बरोबर घेऊन एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. खोलीत एक चित्रकार, एक त्यांचा मदतनीस आणि सगळीकडे ब्रशांचे पेले. त्यातल्याच एका पेल्यातून मला पाणी मिळाले असावे अशी शंका मला अजून आहे.

मामांची अपेक्षा, चित्रकार लगेच कागद ओढून लक्ष्मी काढतील. त्यांनी उलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुडी घ्यायला कोण येते? दुकानात ती कुठे टांगलेली असते? तिथे दिवा कसला? जिला वाचता येत नाही ती बाई दुसऱ्या वर्षी तीच पुडी कशी मागणार? मामांना यांतले एकही उत्तर धड देता आले नाही. मग हे गृहस्थ स्वतः लालबागच्या एका किराणा दुकानासमोर संध्याकाळभर उभे राहिले. कशासाठी, तर बायका बोटाने काय दाखवतात ते पाहायला!

पंधरा दिवसांचा वायदा होता, लेबल मिळाले पाच आठवड्यांनी. वेळेच्या बाबतीत ते फार वाईट होते. मामा रोज तो जिना चढत होते, आणि दिवाळी जवळ येत होती.

लेबलावर लक्ष्मी नव्हती. होते एक घंगाळ, वर वाफ आणि शेजारी कडुलिंबाची दोन पाने. थोरल्या मामेबहिणीचे नाव जाड अक्षरांत, आणि त्या अक्षरांची शिरोरेषा म्हणजेच घंगाळाचा काठ! छापखान्यात असले टाइप मिळत नसत, म्हणून अक्षरेही हातानेच काढलेली. चित्र दुप्पट आकाराचे होते. त्याचा फोटो घेऊन तो जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, नको तो भाग आम्लाने खाऊन टाकायचा आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. हा झाला ब्लॉक. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक, वेगळी छपाई, वेगळा खर्च. मामांना दोनच रंग परवडत होते. चित्रकारांनी पिवळा आणि निळा घेतला, पानांवर एकावर एक पाडला, आणि हिरवा फुकटात काढून दिला. त्या फुकटच्या हिरव्यावर मामा खूश होते.

बिल पाहून मात्र चेहरा पडला. ७५ रुपये! "अहो, चार रेघांचे?" मामा म्हणाले. चित्रकार म्हणाले, "चारच ठेवायला वेळ लागला." मामांनी ५० दिले आणि उरलेले दिवाळीनंतर देतो म्हणाले. मामा काही कंजूष नव्हते. तीन मुली, भाड्याची खोली आणि उधारीवर घेतलेला नागरमोथा, एवढ्यात माणूस जेवढा उदार राहू शकतो तेवढे ते होते.

पुढल्या वर्षी छापखानदाराने त्यांना तयार लक्ष्मीचा ब्लॉक स्वस्तात देऊ केला. मामांनी तो घेतला. आणि दुकानदार विचारू लागले, "ते घंगाळाचे उटणे बंद झाले का हो?" तिसऱ्या वर्षी घंगाळ परत आले. तेव्हा मामा २५ रुपये घेऊन चाळीत गेले, तर खोलीवर पाटी एका टंकलेखनवर्गाची!

अशी कामे कोणाची, हे कळायची सोय आता थोडी बरी आहे. स्टेट बँकेचे ते निळे वर्तुळ १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी काढले, हे शोधणाऱ्याला सापडते. रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळाने मान्य केले, तेव्हा डी. उदयकुमार हे नाव दुसऱ्या दिवशी सर्व वृत्तपत्रांत होते. १९५७ चा कॉपीराइट कायदा तर जुनाच. पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राची मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाते. पण 'हे मी काढले' असे म्हणण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. आमच्या मामांना हे ठाऊक नव्हते. त्या चित्रकारांना असावे, पण ज्याची बाकी यायची आहे तो माणूस हक्काचे बोलत नाही.

मामेबहीण आता सत्तरीच्या पुढे आहे. धंदा तिचा मुलगा पाहतो. गेल्या वर्षी त्याने पुडी संगणकावर नव्याने करून घेतली. घंगाळ तेच, काठ तोच. करणाऱ्या मुलीने विचारले, "मूळ काढले कोणी? कोपऱ्यात नाव घालू." तेव्हा ट्रंक उपसून ते बिल काढले. वरचा भाग कसरीने खाल्लेला. खाली सही आहे, पण ती लागत नाही. शेवटी मामांच्या हातचे पेन्सिलीने, 'बाकी रु. २५'.

वाचकांपैकी कोणाच्या घरी १९६२ च्या सुमाराचे, घंगाळ आणि दोन पानांचे कच्चे चित्र असेल, किंवा आजोबा असे काही काढत असल्याचे आठवत असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवावे. कोपरा मोकळा ठेवला आहे, आणि पैसेही द्यायचे आहेत.