फोन आपला, चावी दुकानदाराची

फोनचा पॅटर्न किंवा पिन विसरला की आपली पोरे पहिली धाव कुठे घेतात? बसस्टँडसमोरच्या मोबाईल दुकानात. दुकानदार फोन हातात घेतो, उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, "डाटा पाहिजे, का नुसता चालू करून देऊ?" या प्रश्नाचा अर्थ समोरच्याला नीट कळलेला नसतो. उद्या परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो, ओटीपी यायचा असतो, फोन चालू झाला पाहिजे एवढेच डोक्यात असते. "द्या चालू करून." थोड्या वेळात फोन चालू होतो. कोरा होऊन.

सेल्फी गेले असतील तर त्याचे दुःख चार दिवसांचे. पण आपल्या माणसांच्या फोनमध्ये काय काय असते ते बघा. जात पडताळणी समितीकडे दिलेल्या अर्जाच्या पावतीचा फोटो. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा क्रमांक. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा एकुलता एक फोटो, कारण मूळ दाखला पावसात भिजून गेला. गावात पाण्याचा नळ बंद केला त्या दिवशीचा व्हिडिओ. जयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले तेव्हाचे चित्रण. सरपंचाच्या माणसाने दिलेल्या धमकीचे रेकॉर्डिंग. चळवळीचे दफ्तर पूर्वी कार्यकर्त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत असायचे, आज ते त्याच्या खिशात आहे. आणि त्या दफ्तराची चावी कोणाकडे आहे हे आपण कधी विचारलेलेच नाही.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. पिन विसरणे हा अपघात नाही, माणूस आहे, विसरणारच. खरा घात झालेला असतो फोन घेतला त्या दिवशी. नवा फोन चालू करताना गुगल खाते लागते. दुकानदार विचारतो, "मेल आयडी आहे का?" नाही म्हटले की तोच दोन मिनिटांत खाते उघडून देतो. नाव काहीतरी, जन्मतारीख काहीतरी, पासवर्ड त्याच्या मनाला येईल तो. कधी कधी एकाच खात्यावर तो गावातले दहा फोन चालू करून देतो. ग्राहक खूश, दुकानदार मोकळा. पुढे तीन वर्षे ते खाते कोणाला आठवत नाही. पिन विसरल्यावर मात्र फोन पहिला प्रश्न त्याच खात्याचा विचारतो.

हे कसे चालते ते समजून घेतले पाहिजे, कारण याबाबत आपल्यात फार गैरसमज आहेत. पहिला गैरसमज असा, की शहरात मोठ्या दुकानात नेला तर आतले सगळे शाबूत ठेवून कुलूप काढून मिळते. जुन्या अँड्रॉइडमध्ये तसे होत असे. चुकीचा पॅटर्न काही वेळा काढला की "पॅटर्न विसरलात?" असे विचारले जाई आणि गुगलचा पासवर्ड टाकला की कुलूप निघे. ती सोय कधीच गेली. आजच्या फोनमध्ये आतला सगळा मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला असतो आणि तो उलगडणारी किल्ली तुमच्या पिनपासून आणि फोनमधल्या चिपपासून मिळून तयार होते. पिन नाही तर किल्ली नाही. दुकानदार "लॉक तोडतो" म्हणजे सगळे पुसून फोन नवा करतो, याला फॅक्टरी रिसेट म्हणतात. आयफोनचेही तेच, पिन विसरला की तो पुसूनच पुन्हा चालू करावा लागतो.

आणि पुसल्यावरही सुटका नाही. २०१५ च्या सुमारास आलेल्या अँड्रॉइड ५.१ पासून बाहेरून बटणे दाबून रिसेट केलेला फोन पुन्हा चालू होताना आधीचेच गुगल खाते किंवा आधीचाच पिन मागतो. आयफोन आधीचे ॲपल खाते मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही तजवीज आहे आणि ती चांगलीच आहे. पण खाते दुकानदाराने उघडलेले असेल आणि पासवर्ड त्यालाही आठवत नसेल, तर स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनपुढे आपणच चोर ठरतो. मग तोच दुकानदार "बायपास" करून द्यायचे वेगळे पैसे घेतो. कुलूपही त्याचे, चावीही त्याची, हमालीही त्यालाच!

आता कोणी म्हणेल, एवढी कटकट आहे तर कुलूपच कशाला? लॉक न ठेवणारे कार्यकर्ते मी पाहतो. "आपल्याकडे लपवण्यासारखे काय आहे?" असे ते अभिमानाने सांगतात. लपवण्यासारखे तुमचे काही नसेल, पण तुमच्या फोनमध्ये त्या पीडित कुटुंबाचा पत्ता आहे, साक्षीदाराचा नंबर आहे, तक्रार द्यायला घाबरणाऱ्या मुलीने पाठवलेला मेसेज आहे. ते तुमचे नाही, तुमच्या भरवशावर ठेवलेले आहे. दुसरा पक्ष म्हणतो, कंपन्यांनी गरिबांसाठी मधला दरवाजा ठेवावा, ओळखपत्र दाखवले की फोन उघडून द्यावा. ऐकायला बरे वाटते. पण मधला दरवाजा एकदा ठेवला की तो फक्त आपल्यासाठी उघडत नाही. ठाण्यातला साहेबही त्यातून आत येईल आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा साहेबाशी घरोबा असलेला पुढारीही येईल. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. तो हक्क बंगल्यात राहणाऱ्यांपुरता नाही. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला तर फोनच्या पडद्याएवढीच जागा खासगी मिळते.

पोलिसांनी पिन मागितला तर तो सांगावाच लागतो का, यावर न्यायालयांचे एकमत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्ड देणे म्हणजे अशी साक्ष नव्हे, असे म्हटले. २०२२ मध्ये दिल्लीतल्या विशेष सीबीआय न्यायालयाने नेमकी उलट भूमिका घेतली. बोटाच्या ठशाचे मात्र जुने आहे. १९६१ च्या काथी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी ठसे देणे ही साक्ष नाही असे ठरवून टाकले. म्हणून फक्त बोटावर विसंबणाऱ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा. प्रसंग आलाच तर वकिलाला विचारल्याशिवाय शहाणपणा करू नये, हेही सांगून ठेवतो.

मूळ मुद्द्याकडे येतो, कारण पुराव्याची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ॲट्रॉसिटी कायद्यात जातीवाचक अपमानाचा गुन्हा सिद्ध करायचा तर तो लोकांच्या नजरेसमोर घडला हे दाखवावे लागते. साक्षीदार गावातच राहतात, त्यांची मजुरी त्याच वाड्यावर असते, ते कसे फितूर होतात हे मी नव्याने सांगायला नको. व्हिडिओ फितूर होत नाही. पण तो न्यायालयात टिकवावा लागतो. आपल्याच जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले, की व्हिडिओची नक्कल दाखल करायची तर कायद्यात सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर करून शाबीत केले तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्र आहे आणि त्यात आता फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, भरावा लागतो.

याचा अर्थ काय? ज्या फोनवर चित्रण झाले तो फोन हाच पुरावा आहे. तो "चालू करून द्या" म्हणत रिसेट करणे म्हणजे पंचनाम्याचा कागद चुलीत घालणे. "ग्रुपवर टाकलाय ना व्हिडिओ!" असे म्हणून भागत नाही. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान करते, ती मूळ फाईल राहत नाही. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे फाईल जशीच्या तशी जाते.

आणि खटले किती चालतात? चवदार तळ्याचा दावा विरोधकांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या न्यायालयात दाखल केला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. तळे नगरपालिकेचे आहे आणि स्पृश्यांनी सांगितलेली रूढी अनादी काळापासूनची नाही, हे सव्वानऊ वर्षे न्यायालयात लढवावे लागले. बाबासाहेबांनी ते कागद कोणा दुकानदाराच्या भरवशावर ठेवले नव्हते. आपल्या हातातला दहा-बारा हजारांचा फोन दहा वर्षे टिकणार आहे का?

आज कोणाचा फोन लॉक झालाच असेल तर दुकानात पळण्याआधी शांत बसावे. अंदाजाने पिन टाकत राहू नये. काही चुकांनंतर फोन थांबायला लावतो आणि थांबण्याचा वेळ वाढत जातो. काही फोनमध्ये ठरावीक चुकांनंतर सगळे आपोआप पुसण्याची सोय चालू असते. बोटाने फोन उघडत असेल तर तो बंद करून चालू करू नका, बॅटरीही संपू देऊ नका. रिस्टार्ट झाल्यावर फोन पिनच मागतो, बोट चालत नाही. रिस्टार्ट नाही केला तरी अँड्रॉइड साधारण ७२ तासांत एकदा पिन विचारतोच. तेवढ्या वेळात केबलने संगणकाला जोडून फोटो, व्हिडिओ, कागदपत्रे उतरवून घ्या, महत्त्वाच्या चॅट एक्स्पोर्ट करा. पिन कालपरवाच बदलला असेल तर आयफोनमध्ये आयओएस १७ पासून ७२ तासांपर्यंत जुना पिन वापरून नवा ठेवता येतो. काही सॅमसंग फोन दुरून उघडता येतात, पण ती सोय आधी चालू केलेली असली तरच.

सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला. फोनचे कुलूप सिमला लागत नाही, ओटीपी येत राहतात, फॉर्म भरता येतो, निम्मी घाई तिथेच संपते. मेमरी कार्ड असेल तर तेही काढून बघा, बहुतेक वेळा त्यावरचे फोटो दुसऱ्या फोनमध्ये दिसतात. मग दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या गुगल खात्यात शिरून गुगल फोटोज आणि ड्राइव्ह तपासा. अनेकांचे फोटो त्यांच्या नकळत तिथे गेलेले असतात. खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर तो परत मिळवण्याचा प्रयत्न नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या वायफायवरून करा. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर फोन रिसेट करण्याआधी २४ तास थांबायला गुगल सांगते, ते ऐका. आणि फोनमध्ये खटल्याचा पुरावा असेल तर रिसेट करूच नका. तसाच बंद करून वकिलाकडे न्या. वापरायला दुसरा साधा फोन घेतलेला परवडतो.

ज्यांचा फोन आज उघडतोय त्यांनी आजच सेटिंगमध्ये जाऊन खाते कोणाच्या नावाचे आहे ते बघावे. ते आपले नसेल तर आपले नवे उघडावे, त्यात आपला नंबर टाकावा आणि परक्याचे काढून टाकावे, पण त्याआधी त्या खात्यावर साठलेले फोटो उतरवून घ्यावेत. गुगल दहा बॅकअप कोड देते, आठ आकड्यांचे. ते कागदावर लिहून शिक्षणाच्या दाखल्यांच्या फाईलमध्ये ठेवावेत, फोनमध्ये नव्हे. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला वेगळा पासवर्ड ठेवला असेल तर तोही त्याच कागदावर, कारण तो विसरला तर व्हॉट्सॲपसुद्धा काही करू शकत नाही. कागद हरवेल म्हणून भीती वाटते? सातबारा, रेशनकार्ड, जातीचा दाखला आपण जपतोच की.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. कॉलेजात जाणाऱ्या कितीतरी मुलींच्या फोनवरचे खाते भावाने उघडलेले असते आणि पॅटर्न घरात सगळ्यांना माहीत असतो. मग कुलूप उघडायला अडचण येत नाही, असे घरचे हसत सांगतात. स्त्री-पुरुष समतेवर तासभर भाषण देणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आपल्या बहिणीच्या खात्याचा पासवर्ड आधी तिच्या हातात द्यावा, बदलायला लावावा आणि पुन्हा विचारू नये.

चौदा एप्रिलला आपण डीजेवर किती खर्च करतो हा वाद मी इथे काढत नाही. पण जयंती मंडळाने विहाराच्या ओट्यावर एक टेबल, दोन जाणकार पोरे आणि एक लॅपटॉप एवढे दोन रविवार बसवले, तर वस्तीतल्या बऱ्याच फोनची खाती ज्याची त्याच्या नावावर होतील. पोरांनी पासवर्ड स्वतः टाकायचे नाहीत, आजीच्या हातात फोन देऊन पाठ फिरवून उभे राहायचे. आजीला लिहिता येत नसेल तर आकडे तिलाच निवडू द्यायचे आणि ते कागदावर उतरवायचे काम तिने ज्याच्यावर विश्वास ठेवला त्या नातवाने किंवा नातीने करायचे. खटल्यांतल्या चित्रणाच्या मूळ फाईली त्याच बैठकीत दोन पेनड्राइव्हवर उतरवाव्यात. एक पेनड्राइव्ह कुटुंबाकडे राहील, दुसरा वकिलाकडे. टेबलासाठी मंडळाला वर्गणी लागणार नाही, लॅपटॉप कोणाचा आणायचा तेवढे ठरवा.