उणे साठ्याचा हिशेब

बँकेच्या नोकरीत ‘उणे शिल्लक’ हा शब्द रोजचाच होता. खातेदाराने ठेवीपेक्षा जास्त उचल केली की आम्ही त्याला बोलावून घ्यायचो आणि विचारायचो, भरणा कधी करताय? निवृत्तीनंतर हा शब्द पुन्हा भेटला तो उजनी धरणाच्या बातमीत. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. होटगीत आमच्या गल्लीत टँकरची वाट पाहत घागरींची रांग लागली होती. गच्चीवर गेले की फताटेवाडीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसत. १,३२० मेगावॉटचे ते केंद्रही उजनीचेच पाणी पिते. वीज दाराशी आणि पाणी उणे! मनात आले, या खात्यातून उचल कोणाकोणाची आहे ते एकदा बघावे.

त्यासाठी थेट सह्याद्रीच्या माथ्यावर जावे लागते. लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकळवाडी आणि मुळशी ही टाटांची धरणे इंद्रायणी व मुळा यांच्या खोऱ्यांत आहेत. आळंदीची पालखी जशी पंढरीला येते, तसे हे पाणीही स्वभावाने भीमेत आणि पुढे चंद्रभागेत यायचे. पण ते उलट पश्चिमेला वळवून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात सोडले जाते. त्या उतारावर खोपोलीचे वीज केंद्र १९१५ मध्ये, भिवपुरीचे १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये सुरू झाले.

त्या काळी ही कल्पना थोरच होती, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरात काळवंडल्या होत्या, देश परका कारभार सोसत होता, आणि अशा देशात एका भारतीय उद्योगसमूहाने पावसापासून वीज काढून दाखवली. त्याची किंमत मात्र मावळच्या शेतकऱ्यांनी दिली. १९२१ च्या रामनवमीला मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट तिथेच ‘सेनापती’ झाले. सत्याग्रह मोडला, धरण उभे राहिले आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. त्या शेतकऱ्यांचे दुःख निदान इतिहासात नोंदले गेले. खाली दोन-तीनशे किलोमीटरवर नदीकाठी बसलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना तर कोणी विचारलेही नव्हते.

कृष्णा पाणीतंटा लवादाने टाटांच्या या केंद्रांना सरासरीने वर्षाला सुमारे ४२ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवण्याची मुभा दिली. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी असली, तरी उपयुक्त साठा आहे सुमारे ५४ टीएमसी. हे दोन आकडे शेजारी मांडले की फार बोलावे लागत नाही. त्या पाण्यावर मिळणारी वीज तिन्ही केंद्रांची मिळून ४४७ मेगावॉट.

आता आपल्याही पदरात थोडे पाहू. उजनीचे खाते केवळ टाटांनी उणे केले नाही. दुष्काळी म्हणवणाऱ्या आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे आणि ऊस पाटाने पाणी पितो. दुसरे असे की, वीज केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर आज कोकणातली गावे आणि कारखाने जगतात. ते एकदम तोडा म्हणणे म्हणजे एका घरची चूल विझवून दुसरीकडे पेटवणे. शिवाय जलविद्युत काही मिनिटांत सुरू होते. ऐन गरजेच्या वेळी ती मुंबईच्या उपयोगी पडते, हेही खरे.

म्हणून माझे मागणे बेताचे आहे. २०२३ मध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन उदंचन प्रकल्पांचा करार केला. भिवपुरीला १,००० मेगावॉट आणि शिरवट्याला १,८००. या पद्धतीत तेच पाणी वरच्या तळ्यातून खाली सोडून वीज करायची आणि स्वस्त विजेच्या वेळी पुन्हा वर चढवायचे. आमच्या सोलापूरच्या उन्हाची दुपारची वीज त्या कामी यावी, याहून चांगले काय? म्हणजे विजेसाठी पाणी कायमचे गमावण्याची सक्ती आता उरत नाही. मग याच वेळी एक अट लिहून घ्यावी: ज्या वर्षी उजनी भरणार नाही, त्या वर्षी माथ्यावरच्या पाण्याचा ठरलेला वाटा आधी भीमेत सोडायचा. कोकणाचे पिण्याचे पाणी राखूनच. हे अशक्य नाही. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले आणि २०१८ मध्ये नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडले गेले. गोदावरीला जो न्याय, तो भीमेला का नको?

वीज उन्हापासून करता येते, वाऱ्यापासून येते, कोळसा जाळूनही येते. पाणी मात्र कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. बँकेत कर्जाचे नूतनीकरण करताना जुनी थकबाकी आधी विचारतात. नव्या करारांच्या वेळी भीमाकाठच्या माणसाने एवढेच विचारावे, आमच्या खात्यात भरणा कधी करताय?